भुईतरवडाला काही लागत नाही

२ जून, रविवार

ही डायरी मराठीत लिहायचं ठरवलंय. इंग्रजीत लिहिली तर आई वाचते. माझं मराठी अक्षर मात्र घरात कुणालाच लागत नाही. दोन दिवसांनी मलाही लागत नाही, त्यामुळे प्रायव्हसी फुल आहे.

आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा उभा राहून बोललो. झालं असं, की गेटच्या आतलं लॉन या उन्हाळ्यात मेलं. नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, आणि टँकरचं पाणी गवताला घालताना दिसलं की तिसऱ्या मजल्यावरून लोक बोलतात. त्यामुळे चेअरमन आप्पासाहेब म्हणाले, "लई लाड झाले गवताचे. पेव्हर ब्लॉक टाका अन् मोकळे व्हा."

सगळे माना डोलवायला लागले. मी म्हणालो, अंकल, लॉन ही आपल्याकडची गोष्टच नाही. आपल्या डोंगरावर जमिनीला धरून पसरणारी झुडपं आहेत, ती लावू. पाणी नाही, खत नाही, कटिंग नाही. काहीच लागत नाही.

"काहीच?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"काहीच."

"मग माळी बी लागणार नाय."

"नाहीच लागणार, अंकल," मी म्हणालो, आणि टाळ्या पडल्या.

ठरलं ते असं. बावीस सप्टेंबरच्या मीटिंगपर्यंत मला मुदत. तोपर्यंत जमीन झाकली गेली तर झुडूप राहणार. नाही झाकली तर पेव्हर ब्लॉक. दोन्हीपैकी काहीही झालं तरी ऑक्टोबरपासून माळी बंद.

माझ्यासाठी हे फार मोठं आहे. बाबांच्या मित्रानं वाळूजच्या कंपनीत सुपरवायझरची जागा ऑक्टोबरपर्यंत धरून ठेवलीय. मला तिथं जायचं नाही. मला शहरभर देशी झुडपांच्या बागा करायच्यात. हा पहिला नमुना आहे.

जाता जाता आप्पासाहेबांबद्दल. सिंचन खात्यातून रिटायर झाले, कन्नडकडं शेती आहे, आणि फिटनेसबद्दल इतका सिरियस माणूस मी पाहिला नाही. रोज पहाटे साडेपाचला गरम पाण्याचे दोन तांबे पिऊन एक तास बिल्डिंगभोवती फेऱ्या मारतात. मध्येच थांबतात, पोटावर हात ठेवतात, डोळे मिटतात, कशाची तरी वाट बघितल्यासारखे उभे राहतात. मग निराश होऊन परत चालायला लागतात. मेडिटेशन असावं.

५ जून

सांडूमामांना माझ्या स्लाइड्स दाखवल्या. मामा आमच्या सोसायटीचे माळी. सिल्लोडकडचे. आधी छावणीत एका कर्नलच्या बंगल्यावर अठरा वर्षं गुलाब सांभाळले, इथं येऊन नऊ वर्षं झाली. गेटमागच्या खोलीत मामा आणि मामी राहतात. झाडांमधलं मला जे कळतं ते अर्धं इंटरनेटचं आणि अर्धं मामांचं, म्हणून त्यांचं मत घेतल्याशिवाय मी पुढं जाणार नव्हतो. शिवाय मराठी शुद्धलेखन तपासायचं होतं.

सातव्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात आहे: पाणी शून्य. खत शून्य. माळी शून्य.

मामांनी चष्मा लावून ती बराच वेळ वाचली.

"शुद्ध आहे ना मामा?"

"शुद्ध हे," मामा म्हणाले. "शून्य बी लई गोल काढले भैय्या तुमी."

मामांनी कौतुक केलं की बरं वाटतं. ते सहसा करत नाहीत.

१६ जून

मामांना स्कूटरवर मागं बसवून शरणापूरच्या डोंगराकडं गेलो. माझ्या ॲपनं तिथं एक झुडूप आधीच ओळखून ठेवलं होतं. गुडघ्याच्याही खाली राहतं, चटईसारखं पसरतं, पिवळी फुलं, चपट्या वाकड्या शेंगा. चौफेर उन्हात पडून होतं आणि शेळ्या त्याला वळसा घालून जात होत्या. शेळी जे खात नाही ते झाड अमर, हा माझा नियम आहे.

मामांनी लांबूनच ओळखलं. "हे भुईतरवड. आमच्या वावराच्या बांधाला लई. ह्याला काय लागत न..." ते थांबले. खोकले. आभाळाकडं बघितलं. "म्हंजे डोंगरावर लागत नाय. बागेत आलं म्हंजे मातूर लई निगा लागती."

"असं कसं मामा? झाड तर तेच."

"आता बघा. डोंगरावरची पोरगी दोन हंडे डोक्यावर घिऊन चढ चढती का नाय? तीच शहरात सून म्हनून आणा. दुसऱ्या महिन्यात गीझर मागती."

हे मी कुठंच वाचलं नव्हतं. इंटरनेटवर सगळं मिळत नाही.

जमीन नुकतीच भिजली होती. आम्ही वीतभर उंचीची रोपं मातीसकट उचलली, शेंगाही गोळा केल्या.

२० जून

रोपं लावून झाली. मामांनी भुईतरवडाची निगा सांगितली, मी एक्सेल शीटमध्ये भरली. विसरायला नको म्हणून इथंही लिहितो.

सकाळी प्रत्येक रोपाजवळचा दगड पालथा घालायचा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या तापतात. दर अमावस्येला ताक शिंपडायचं. पाऊस पडून गेला की पानं झटकायची, नाहीतर झाडाला आळस येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी.

"पण पाणी तर द्यायचंच नाही ना?"

"द्यायचं नायच. पण कवा द्यायचं नाय, हे कळायला माणूस लागतो. कुणी बी उठून पाणी नाय दिलं, असं चालत नाय."

मामा दुपारी चार ते पाच खुर्ची टाकून समोर बसतात आणि पाणी देत नाहीत. मी शेजारी बसून शिकतोय. आज मी एकट्यानं दहा मिनिटं पाणी दिलं नाही. मामा म्हणाले, हात बसतोय.

२७ जून

आईनं जेवताना विचारलं, "ते झुडूप आलं की सांडूमामांचं काय?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? माळी शून्य असं तूच लिहिलंस ना रे केशू? या वयात ते दोघं कुठं जायचे? खोली पण जाईल त्यांची."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला. तरी मी म्हणालो, मामा टॅलेंटेड आहेत, त्यांना कुठंही काम मिळेल.

संध्याकाळी मी मामांना सरळच विचारलं. मामा खुरपं पुसत म्हणाले, "आमचं काय भैय्या. आमी बी भुईतरवडच. कुठं बी येतो. पर एवढं हे, की जुनं झाड उपटलं म्हंजे परत लागत नाय. मूळ खोल गेलेलं ऱ्हातं."

फार महत्त्वाची माहिती. शीटमध्ये भरली: मोठी रोपं हलवू नयेत, मूळ सरळ खोल जातं.

आई खाली येऊन झाडं बघून गेली. पान चोळून वास घेतला, शेंग बघितली आणि म्हणाली, "अरे, हे तर सोनामुखीच्या घरातलं दिसतंय." मग पदर तोंडाला लावून हसत हसत जिना चढली. सोनामुखी. किती सुंदर नाव आहे. यात हसण्यासारखं काय, विचारलं तर म्हणे, "साठीचा हो, कळेल."

२१ जुलै, रविवार

आज प्रोजेक्ट बंद पडता पडता वाचला.

सकाळी फेऱ्या मारता मारता आप्पासाहेब थांबले आणि झाडांवर चिडले. "काय हे? उकिरड्यावरचं आणून दारात लावलं. कशाला थांबायचं सप्टेंबरपर्यंत? परवाच पेव्हर ब्लॉक आणतो." ते सकाळी नेहमीच चिडलेले असतात, पण आज चेहरा फार ताणलेला होता. लीडरशिपचं प्रेशर असतं.

मी सातवी स्लाइड आणायला वर पळणार तेवढ्यात मामा पुढं झाले आणि त्यांच्या कानाजवळ जाऊन काहीतरी हळू बोलले. मला एवढंच ऐकू आलं, "किती दिस झाले साहेब?"

आप्पासाहेबांनी इकडं तिकडं बघितलं. "चार," ते म्हणाले.

मग मामा एका झाडाजवळ बसले, बोटानं पान दाखवलं, परत काहीतरी बोलले. आप्पासाहेब म्हणाले, "खरं सांगतो का सांडू?" आणि मामा म्हणाले, "कर्नलसाहेब बी घ्यायचे. लढाईवर गेले तरी डबीत बरोबर."

मामांनी कर्नलचं उदाहरण देऊन देशी झाडांचं महत्त्व पटवलं, हे मला फार आवडलं. ऑथॉरिटीवाल्या लोकांना ऑथॉरिटीचंच उदाहरण लागतं. आप्पासाहेब तडक घरात गेले.

२३ जुलै

दोन गोष्टी. एक चांगली, एक वाईट.

चांगली: आप्पासाहेब आज फेऱ्या मारायला आलेच नाहीत. नऊ वाजता गॅलरीत दिसले. आंघोळ झालेली, कपाळाला गंध, आणि चक्क गुणगुणत होते. मला बघून म्हणाले, "केशव, बाळा, आयुष्य लई सोपं असतं रे. आपणच अवघड करून ठेवतो." रिटायर झाल्यावर माणूस असा खोल विचार करतो.

वाईट: बाकाजवळच्या रांगेत कीड लागलीय. पानं गायब. कुरतडलेली नाहीत, देठापासून स्वच्छ खुडलेली. फक्त जून पानं. अशी कीड मी कुठल्याच पुस्तकात पाहिली नाही.

मामांना दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हूं. ही कीड ओळखीची हे. हिला मारायचं नाय. ही आली म्हंजे झाड रुजलं समजा."

३० जुलै

कीड बाकापासून प्रमोदिनीकाकूंच्या खिडकीपर्यंत पोचली. प्रमोदिनीकाकू म्हणजे आमच्या सेक्रेटरी, तळमजल्यावर राहतात. शेवटी मी फोन ट्रायपॉडवर लावून पहाटेचं रेकॉर्डिंग केलं.

कीड सापडली नाही, कारण नेमकं महत्त्वाच्या वेळी माणसं मध्ये आली. पाच चाळीसला आप्पासाहेब आले आणि झाडांवर वाकून उभे राहिले. त्यांची पाठ पूर्ण फ्रेममध्ये. ते गेल्यावर प्रमोदिनीकाकू आल्या, त्याही वाकल्या. मग दुसऱ्या मजल्यावरचे दोघं. प्रत्येकजण आधी आजूबाजूला बघतो, मग वाकतो, मग भराभर घरी जातो.

कीड दिसली नाही म्हणून मी चिडायला हवं होतं, पण माझे डोळे भरून आले. कुणी सांगितलं नसताना माणसं रोज पहाटे येऊन आपल्या मातीतल्या झाडापुढं वाकतात. हीच ती कम्युनिटी ओनरशिप.

४ ऑगस्ट

मामा नको म्हणत होते, तरी मी आज लसूण, हिरवी मिरची आणि गोमूत्राचा अर्क फवारला. मामा मामीच्या माहेरी गेले होते, तेवढ्यात उरकून टाकलं. सगळ्या पानांना दोन्ही बाजूंनी नीट. वास मात्र भयंकर आहे. गोष्ट अशी आहे की कीड किती का शुभ असेना, मला सप्टेंबरपर्यंत जमीन झाकायचीय.

५ ऑगस्ट

सोसायटीत काहीतरी साथ आलीय. पहाटे सहाला आप्पासाहेबांच्या घरातून मोठा आवाज आला. मग प्रमोदिनीकाकूंच्या. मग वरच्या मजल्यावरून. दुपारपर्यंत कुणीच खाली आलं नाही. आम्ही तिघं ठणठणीत, कारण आमच्याकडं बाहेरचं खात नाहीत.

संध्याकाळी आप्पासाहेब भिंत धरत खाली आले. आवाज बसला होता, ओठ सुजले होते. मला म्हणाले, "तू फवारलंस?"

मी अभिमानानं म्हणालो, "हो अंकल, पूर्ण ऑरगॅनिक."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मला वाटलं मारतात. मग म्हणाले, "परत एक थेंब त्या झाडावर पडला ना, तर तुला तिथंच पुरतो आणि वरून भुईतरवड लावतो."

मी खूप इम्प्रेस झालो. दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत हाच माणूस पेव्हर ब्लॉक म्हणत होता आणि आज ऑरगॅनिक फवारणीसुद्धा त्याला चालत नाही. माझ्यापेक्षाही प्युअर झाले ते.

मामा मामीच्या माहेराहून आले, सगळं ऐकलं, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आतून बराच वेळ मामा-मामीच्या खोकण्याचा आवाज येत होता. साथ त्यांनाही लागली बहुतेक.

१४ ऑगस्ट

आता झाडांना कुणीही हात लावायचा नाही, फक्त मामा, असा नियम आप्पासाहेबांनी नोटीस बोर्डावर लावला. कीड तरी चालूच आहे, पण शिस्तीत. रोज वेगळ्या रांगेतली पानं जातात, आधीच्या रांगेला फुटायला वेळ मिळतो. मी इतकी व्यवस्थित कीड पाहिली नाही.

एक वाईट गोष्ट कळली. सकाळी मामा खुर्चीवर बसतात आणि एकेक माणूस येऊन त्यांच्याकडून वर्तमानपत्राची छोटी पुडी घेऊन जातो. मामा प्रत्येकाला हळूच काहीतरी विचारतात आणि पुडीत कमी-जास्त करतात. तंबाखू असणार. आपल्या सोसायटीत इतकी माणसं तंबाखूच्या आहारी गेलीत, आणि त्यात प्रमोदिनीकाकूसुद्धा. कीर्तनाला जातात त्या.

मी काकूंना म्हणालो, "काकू, सोडता येतं. मनावर घेतलं तर."

काकू लाल झाल्या. "तुझ्या वयात मनावर घेऊन होत असेल," त्या म्हणाल्या. "आमच्या वयात नाही होत."

१२ सप्टेंबर

गणपती आले तेव्हा जमीन अर्धी झाकली गेली होती. फुलंही आली होती. मग मोदक, पुरणपोळ्या, गौरीचं जेवण. आणि गौरी जेवल्याच्या दुसऱ्याच दिवशी कीड अशी काही तुटून पडली, की आज सगळीकडं नुसत्या काड्या दिसतायत. सणाचा आणि किडीचा काय संबंध, मला कळत नाही. उरले दहा दिवस.

मामांना म्हणालो, "मामा, हरलो आपण."

मामा म्हणाले, "फुटंल. दम धरा." पण तेही आज खुर्चीवर नीट बसले नव्हते.

१५ सप्टेंबर

मामा दुपारी वर आले. पहिल्यांदाच. दारातच उभं राहून म्हणाले, "भैय्या, बजाजनगरला वॉचमन लागतेत म्हनतेत. तुमच्या त्या कंप्युटरवर मपलं काय लिहून देता येईल का? बावीस तारखेला काय होईल, काय सांगता येत नाय. मामी म्हनली, आधीच सोय बघून ठेवा."

आईनं त्यांना बसवलं, चहा दिला. मी बायोडाटा केला. सत्तावीस वर्षांचा अनुभव, गुलाब, कलमं, आणि स्पेशल स्किलमध्ये लिहिलं: पाणी न देण्याचं उत्तम ज्ञान. वयाच्या रकान्यात मामा म्हणाले, पंचावन्न लिहा. मी म्हणालो, मामा, मागच्या वर्षी तर तुम्ही बासष्ट सांगितलं होतं. ते म्हणाले, "ते गुलाबाच्या हिशेबानं होतं."

प्रिंट काढून दिल्यावर त्यांनी ती घडी घालून टोपीत ठेवली. मला हसू आलं आणि मग बराच वेळ काहीच करावंसं वाटलं नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

सातवी स्लाइड उघडून बसलोय. माळी शून्य. ही ओळ काढली, तर माझा प्रोजेक्ट म्हणजे नुसतं एक झुडूप राहतं. नाही काढली, तर मामा टोपीत बायोडाटा घेऊन रात्रपाळीला जातात. त्यांना रात्रीचं दिसत नाही.

मग मी एक्सेल शीट उघडली. जूनपासून आजपर्यंत मी आणि मामांनी मिळून केलेली कामं मोजली. दगड पालथे घालणं, ताक, पानं झटकणं, समोर बसून पाणी न देणं. आकडा बघून मीच घाबरलो. तीन हजार दोनशे अठरा. या झाडाला काहीच लागत नाही असं मी सगळ्यांसमोर बोललो होतो. मी खोटं बोललो. माहिती नसताना बोललो, पण खोटंच.

उद्या उभं राहून हे सांगायचं. वाळूज तर वाळूज.

२२ सप्टेंबर

मीटिंग अकराला होती. सगळे आले होते. मामा पायरीवर बसले होते.

मी एकच स्लाइड लावली, नवी. तीन हजार दोनशे अठरा. म्हणालो, "मी चुकलो. भुईतरवड लो-मेंटेनन्स नाही. त्याला एक पूर्ण वेळचा, जाणकार माणूस लागतो. आणि एवढं करूनही जमीन झाकली गेली नाही, कीड लागली. त्यामुळे ठरल्याप्रमाणे पेव्हर ब्लॉक टाका. फक्त सांडूमामांना काढू नका, कारण यात त्यांची काहीच चूक नाही. त्यांनी फार कष्ट घेतले."

प्रमोदिनीकाकू म्हणाल्या, "पेव्हर ब्लॉक?"

"हो काकू."

"आणि मग सकाळी आम्ही काय करायचं?"

दुसऱ्या मजल्यावरचे काका उठले. "उपटणार? मागच्या आठवड्यात मी चार दिवस पुण्याला गेलो होतो, माझं मला माहिती." त्यांच्या मिसेसनी त्यांना खाली बसवलं. एकदम सगळे एकमेकांत बोलायला लागले आणि कुणीच कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हतं. देशी झाडांबद्दल इतकी कळकळ मला अपेक्षित नव्हती.

आप्पासाहेबांनी टेबलावर हात आपटला. "ऐका. पोरगा खरं बोलला. हे झाड लई नाजूक. त्याला जाणता माणूस पाहिजे. कुणाला किती..." ते थांबले. "म्हणजे कुठल्या झाडाचं किती पान ठेवायचं, हे सांडूलाच कळतं. उद्या हा माणूस गेला तर आपलं सगळ्यांचं काय होईल, याचा विचार करा."

सगळ्यांनी केला. चेहऱ्यांवर दिसत होतं.

ठराव असे झाले. पेव्हर ब्लॉक कधीच नाहीत. उलट मागच्या पार्किंगमधली अर्धी फरशी उखडून तिथंही भुईतरवड. सांडूमामा कायम, खोली कायम, खोलीला नवे पत्रे. शेवटचा ठराव प्रमोदिनीकाकूंनी मांडला आणि तो एकमतानं पास झाला: केशवने यापुढे झाडांवर काहीही फवारू नये.

मीटिंग संपल्यावर मामांनी टोपीतून बायोडाटा काढला आणि मला दिला. "हे ठिवा. पाठकोरं हे, कामाला येईल." आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात जड होता.

माझा प्रोजेक्ट पास झाला की नापास, मला अजून नीट कळलेलं नाही. हरताना जिंकलो असं काहीतरी.

२९ सप्टेंबर

चमत्कारच म्हणायचा. तीन सोसायट्यांतून फोन आले. सगळे आवाज वयस्कर. आप्पासाहेबांनी नंबर दिला म्हणे.

पहिले काका म्हणाले, "किती दिवसांत गुण येतो?"

मी म्हणालो, "शंभर-एक दिवस धरा अंकल."

काका म्हणाले, "बाळ, तोवर मी जिवंत राहणार नाही," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या फोनलाही तसंच. तिसरा फोन मी मामांना दिला. मामा म्हणाले, "सकाळच्याला गुण." लगेच ठरलं. मार्केटिंग मला शिकायला हवं.

१३ ऑक्टोबर

आज बजाजनगरला पहिली साइट व्हिजिट. मी टेप, मातीच्या पिशव्या, छत्तीस स्लाइड्स घेतल्या. मामांनी चष्मा घेतला.

तिथं हॉलमध्ये वीसेक माणसं थांबली होती, बहुतेक कंपनीतून रिटायर झालेली, सगळी गप्प. मामा खुर्चीत बसले. एकेकजण पुढं येऊन कानात बोलायचा. दोघांनी तर जीभ काढून दाखवली. मी प्रोजेक्टर लावायला गेलो तर मामा म्हणाले, "भैय्या, तुमी जरा बाहेर थांबा." पहिली भेट कॉन्फिडेन्शियल ठेवतात बहुतेक.

बाहेर मी त्यांचे दोन मोकळे प्लॉट मोजत होतो, तेवढ्यात त्यांचे चेअरमन आले आणि म्हणाले, "दोन्ही प्लॉट तुमचे. लवकर लावा." स्लाइड्स बघितल्या नाहीत, झाडाचं नावही विचारलं नाही. इतका विश्वास. मी तिथूनच बाबांना फोन करून सांगितलं, वाळूजच्या त्या जागेला नाही म्हणा. बाबा म्हणाले, "अरे, पण तुझं काम नक्की काय आहे?" मी म्हणालो, "ग्राउंडकव्हर."

येताना मामा स्कूटरवर मागं बसून गुणगुणत होते. छावणीच्या अलीकडं चहाला थांबलो. मी म्हणालो, "मामा, आता आपण पार्टनर. निम्मं निम्मं. तुम्ही माळी नाही, मी मालक नाही."

मामांनी बशीत चहा ओतला, फुंकला, प्यायला. "पार्टनर म्हंजे बरोबरीचे?"

"एकदम बरोबरीचे."

"मंग उद्यापून पहाटचे दगड तुमी पालथे घाला," मामा म्हणाले. "सत्तावीस वर्सं साडेपाचला उठतोय. म्या जरा झोपतो."

गजर लावलाय.